दुलई अंगावर आहे

माझ्या थोरल्या मावशीला नोकरी मिळाली ती एक विनोद न कळल्यामुळे.

कारखाना उशांचा आणि दुलयांचा होता. थंडीत घालायचे फुगीर कोटही तिथे व्हायचे. या सगळ्यात भरायचे ते बदकांचे आणि हंसांचे मऊ पीस. आपण पीस म्हणतो तसले दांडीवाले नव्हे. पक्ष्याच्या पोटाला, वरच्या पिसांच्या आत जी लव असते, ती. मधे एक ठिपका आणि चारी बाजूंनी धागे, एवढाच तिचा संसार. हातात घेतली तर काही घेतलंय असं वाटत नाही, आणि जरा श्वास जोरात सोडला की हातात काही राहत नाही.

मुलाखत घेतली भरणखोलीच्या मुकादमाने. शिक्षण किती, अनुभव काय, यातलं त्याने काहीच विचारलं नाही. उमेदवाराच्या तळहातावर चिमूटभर लव ठेवायची आणि एक विनोद सांगायचा, एवढीच परीक्षा. मावशीच्या आधी सात बाया हसल्या होत्या आणि सातही जणींच्या हातावरची लव छताला लागली होती. मावशीला त्याने सांगितलं, "एक गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, उशी द्या, परवा परत करतो. दुकानदार म्हणतो, का हो? गिऱ्हाईक म्हणतं, परवा मला जाग येणार आहे."

मावशीने नीट विचार केला आणि हळू आवाजात विचारलं, "मग घेतली का परत दुकानदारानं?"

तळहातावरची लव हललीसुद्धा नाही. मुकादमाने तिला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. विनोद मावशीला रात्रीच्या जेवणात कळला, तेव्हा तिच्या नाकातून पाणी आलं आणि आजीने तिच्या पाठीत धपाटे घातले. पण तोवर नोकरी पक्की झाली होती.

भरणखोलीला दोन दारं होती, एकामागे एक. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत पंखा नाही, पळायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही. कुणाचा हात चुकून झटकन हलला तर लव उडायची, आणि ती पूर्ण खाली बसायला दीड तास लागायचा. तोवर सगळ्यांनी जिथे आहोत तिथे उभं राहायचं. त्यामुळे आठ बाया तिथे पाण्याखाली असल्यासारख्या वावरायच्या. चिमूट उचलायची, काट्यावर ठेवायची, नळीतून दुलईच्या कप्प्यात सोडायची, कप्प्याचं तोंड शिवायचं. वर्षभरात मावशीला काट्याची गरज उरली नाही. तिच्या बोटांना वजन कळायला लागलं.

शिंक तहकूब करायची कला तिला एका जुन्या बाईने शिकवली. शिंक आली की जीभ टाळूला लावायची आणि मनातल्या मनात म्हणायचं, "जेवणाच्या सुट्टीत." साडेबारा वाजता आठही जणी मागच्या अंगणात येऊन राहिलेल्या शिंका देऊन टाकायच्या. त्या आटोपल्या की सकाळी कुणी काही गमतीचं बोललं असेल त्याला हसायच्या. शेजारच्या कारखान्यातले लोक सुरुवातीला घाबरायचे. पुढे ते त्यावरून घड्याळ लावायला लागले.

हा स्वभाव घरीही आला. मावशी कपाट असं उघडायची, जणू आत कुणी झोपलंय. तिला काही विचारलं की उत्तर यायचं, पण आपण ते विसरून गेल्यावर. एका नातेवाइकांच्या घरी सगळे मयतीनंतर भेटायला गेले होते, तेव्हा गच्च शांततेत मावशी खुदकन हसली. आदल्या आठवड्यातला बारशाचा विनोद तिला तिथे पोचला होता. तेव्हापासून आमच्या घराण्यात तिचं नाव पडलं हळूबाई.

तिचं लग्न झालं आगीचा बंब चालवणाऱ्या माणसाशी. हे माझे काका. आयुष्यभर घंटा वाजली की पायात बूट आणि हातात चाक, त्यामुळे या गृहस्थाला सावकाश म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. चार मिनिटांत जेवायचे. दाढी करताना दुसऱ्या हाताने शर्टाची बटणं लावायचे. लोक म्हणाले, हा जोडा सहा महिने टिकणार नाही. पण टिकला, कारण त्यांचं भांडण जमतच नसे. काका सोमवारी चिडून, बोलून, शांत होऊन मोकळे व्हायचे. मावशीचं उत्तर यायचं बुधवारी. तोवर काकांना मूळ विषय आठवत नसे, आणि आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून ते माफी मागून टाकत.

पुढे जे घडलं ते मला दोघांनीही सांगितलं आहे, काकांनी दोन मिनिटांत आणि मावशीने तीन दिवसांत. दोन्ही जोडून सांगते.

कारखान्याच्या मालकांच्या डोक्यात एके वर्षी खूळ शिरलं की जगातली सगळ्यात हलकी दुलई आपण करायची. "अंगावर घेतलीय हे माणसाला कळताच कामा नये," ते म्हणाले. शहरातल्या बड्या हॉटेलने ती आपल्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या सगळ्यात मोठ्या खोलीसाठी मागवून ठेवली. काम मावशीकडे आलं. सगळ्या पोत्यांतली निवडक लव घेऊन तिने एकवीस दिवस एकटीने कप्पे भरले. दुलई तयार झाली तेव्हा तिचं वजन चपलांच्या एका जोडाएवढं होतं. मुकादमाने ती स्वतःच्या अंगावर घेतली, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने विचारलं, "अजून घातली नाहीस का?" मालकांना भरून आलं.

हॉटेलात त्या दुलईखाली पहिले झोपले ते एक इंजिनियर. वय सत्तरीच्या आसपास, जन्मभर पूल बांधलेले. दोन दिवसांचा प्रवास करून सकाळीच पोचले होते. पडदे ओढले, दिवे मालवले आणि आडवे झाले. सव्वाअकराला त्यांनी खाली फोन केला, "माझ्या अंगावर दुलई नाही."

हॉटेलचे मॅनेजर स्वतः वर गेले. दुलई साहेबांच्या गळ्यापर्यंत ओढलेली होती.

"आहे ना साहेब."

"नाही."

मॅनेजरांनी खोल्या आवरणाऱ्या दोघींना बोलावलं. दोघी म्हणाल्या, आहे. लिफ्टवाल्याला बोलावलं, तोही म्हणाला, आहे. शेवटी मॅनेजरांनी हॉटेलच्या कागदावर लिहून दिलं की, सदर दुलई पाहुण्यांच्या अंगावर आहे, आम्ही खाली सह्या करणाऱ्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली आहे. खाली चार सह्या. साहेबांनी चष्मा लावून कागद वाचला, घडी करून उशीखाली ठेवला आणि म्हणाले, "कागद आहे. दुलई नाही. जिनं केली तिला बोलवा."

कारखान्यात धावपळ उडाली. "माशी शिंकली कुठं?" मालक ओरडले. मुकादम छातीवर हात ठेवून म्हणाला, "मालक, आपल्या खोलीत माशीलासुद्धा शिंकायची परवानगी नाही." मालकांनी गाडी काढली. भरणखोलीपासून फाटकापर्यंत यायला मावशीला नऊ मिनिटं लागली, आणि तेवढ्यात मालकांचे दोन रुमाल घामाने भिजले. फाटकात काका उभे होते. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती आणि मावशी विसरलेला डबा ते द्यायला आले होते. सगळं ऐकून ते आधी गाडीत बसले आणि मग म्हणाले, "परक्या माणसाच्या झोपायच्या खोलीत जायचंय आणि मी घरी बसू? चला." वाटेत त्यांनी मालकांच्या ड्रायव्हरला सात वेळा लेन बदलायला लावली.

खोलीत साहेब उताणे पडले होते. पट्ट्यापट्ट्यांचा झोपायचा पोशाख, हात सरळ अंगालगत, हनुवटी वर. माप घ्यायला ठेवल्यासारखे. गळ्यापर्यंत दुलई.

"तुम्ही केलीत?" त्यांनी विचारलं.

"हो," मावशी म्हणाली. हे उत्तर तिने गाडीतच तयार ठेवलं होतं.

"मग कुठे आहे?"

पुढे होऊन तिने दुलई दोन बोटांत धरली आणि अलगद बाजूला घेतली. "आता काढली," ती म्हणाली.

"काही फरक नाही."

"थांबा जरा."

सगळे थांबले. खोलीत गारवा होता. सात-आठ मिनिटांनी साहेबांचे पाय जवळ आले, मग त्यांनी खांदे आखडले. "थंडी वाजतेय," ते म्हणाले.

"कारण आता नाहीये," मावशी म्हणाली. मालकांना टाळी वाजवावीशी वाटली, पण त्यांनी आवरलं. मावशीने दुलई पुन्हा पांघरली. "आता आहे."

"कशावरून?"

इथे काकांचा धीर सुटला. "अहो साहेब, डोळ्यांना दिसतेय की!"

"दिसणं हा पुरावा नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "झोपताना माणसाचे डोळे मिटलेले असतात."

"पण थंडी गेली ना?"

"थंडी जाते. तेवढ्यावरून काही येतं असं होत नाही." साहेबांनी मान वळवून काकांकडे पाहिलं. "चाळीस वर्षं मी पूल बांधले. वस्तू असली की तिचा भार असतो. भार नसेल तर वस्तू नाही. मी पुलावरून जाताना डोळे मिटून सांगू शकतो की खाली पूल आहे. ही माझ्यावर असेल तर तिनं मला सांगायला नको?"

मालक गालिच्याकडे बघत राहिले. मॅनेजर म्हणाले, आणखी दोघांच्या सह्या घेऊ का? काकांनी "हा माणूस" एवढं म्हणून वाक्य गिळलं. मावशी मात्र विचार करत होती, आणि तिचा विचार म्हणजे बैलगाडी, पण पोचते. पाचेक मिनिटांनी तिने विचारलं, "साहेब, मी कडेला बसू का जरा? दुलईवर?"

साहेबांची हरकत नव्हती. मावशी पलंगाच्या कडेला, दुलईच्या काठावर, सावकाश बसली. कापड किंचित ताणलं गेलं. साहेबांच्या छातीवरून, पोटावरून, गुडघ्यांवरून एक हलकासा दाब गेला.

"आली," साहेब म्हणाले. "आत्ता आली." आणि तिसऱ्या श्वासाला ते घोरायला लागले.

मावशी उठायला गेली तर साहेबांनी झोपेतच "गेली!" अशी आरोळी ठोकली. ती पुन्हा बसली, ते पुन्हा घोरू लागले. मालक दोन्ही हात जोडून तिच्यापुढे वाकले आणि नुसत्या ओठांनी म्हणाले, "बसून राहा." दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं. पण जी बाई दीड-दीड तास लव बसायची वाट बघत उभी राहिली होती, तिला बसून राहणं म्हणजे परांच्या गादीवर लोळणंच. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. मावशीच्या कपड्यांवरची लव त्यांच्या नाकात गेली आणि बंबासारखी एक शिंक आली. साहेब कुशीवर वळले, दुलई हलली, मॅनेजरांनी काकांच्या काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं. बाहेर काकांना आग विझवायचं लाल नळकांडं दिसलं. त्यांनी ते तपासलं. मग खालच्या मजल्यावरचं. संध्याकाळपर्यंत त्यांनी अकरा मजले तपासून मॅनेजरांच्या हातात चौदा सूचनांचा कागद ठेवला होता.

मावशी सहा तास बसली. मी एकदा तिला विचारलं, "काय वाटत होतं गं तुला?"

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना ती म्हणाली, "आधी वाईट वाटलं. एकवीस दिवस मी ती दिसेनाशी करायला झटले, आणि झाली तर म्हणतात हरवली. मग त्यांच्याकडे बघत बसले. तोंड उघडं, एक हात गालाखाली. एवढा मोठा माणूस, त्याला कुणीतरी काठाशी बसलेलं हवं होतं. तसं सांगायची लाज वाटत असेल, म्हणून पूल काढला मधे."

साहेब चार दिवसांसाठी आले होते, ते अकरा दिवस राहिले. मावशीची नेमणूक तेवढे दिवस हॉटेलात झाली. भरणखोलीच्या हजेरीत तिच्या नावापुढे लिहिलं गेलं, "बसण्यास गेली."

आणि मग सगळंच हाताबाहेर गेलं. बाजूच्या खोलीतल्या पाहुण्यांना ही गोष्ट कळली. आम्हाला का नाही, म्हणून त्यांनी मॅनेजरांची पिसं काढली. हॉटेलच्या खोल्यांतल्या छापील कार्डावर दोन ओळी वाढल्या, "दुलई, साधी" आणि "दुलई, बसणाऱ्या बाईसह." आठपैकी सहा बाया रोज हॉटेलात जायला लागल्या. एक बसल्या बसल्या पाहुण्याच्या आधी झोपली. एका पाहुण्याने निरोप पाठवला की बाई फार हलकी आहे, काही जाणवत नाही, तेव्हा मुकादमाला स्वतः जावं लागलं. तो एकशेदहा किलोचा होता. पाहुण्याने दुसऱ्या दिवशीही त्यालाच मागितलं. मुकादम वरून चिडचिड करायचा, पण जाताना भांग पाडून जायचा.

इकडे कोटांची कामं अडली. मालकांनी बैठक घेतली आणि जाहीर केलं की बाया बसवणं बंद, दुलईतच वजन घालायचं. काय घालायचं यावर आठवडाभर खल झाला. लोखंडी खिळे टोचत होते. कुणीतरी विटेचे तुकडे सुचवले, कारण दगडापेक्षा वीट मऊ. पण विटेचा रंग कापडाला लागला. शेवटी नदीतले गुळगुळीत गोटे धुऊन, वाळवून, काठाच्या कप्प्यांत शिवायचं ठरलं. मधे जगातली सगळ्यात हलकी लव आणि कडेने अडीच किलो गोटे.

"लोकांना हलकं हवंय," मालक समजावत होते, "पण ते जड वाटलं पाहिजे."

"मग कापूस भरा की," मावशी म्हणाली. पण हे ती तीन दिवसांनी म्हणाली, आणि तोवर गोट्यांचे दोन ट्रक फाटकातून आत आले होते.

गोट्यांची दुलई अशी खपली की कारखान्याला भरणखोलीला लागून नवी गोटेखोली बांधावी लागली. त्याच सुमारास काका निवृत्त झाले होते आणि घरात बसून आजूबाजूच्यांच्या गॅसच्या नळ्या तपासत होते. गोटेखोलीला धडाक्याने काम करणारा, आवाजाची पर्वा नसलेला माणूस हवा होता. काकांनी अर्ज केला तोही गेटवर उभ्या उभ्या. पाच वर्षं नवरा-बायको एकाच भिंतीच्या दोन बाजूंना काम करत होते. अलीकडे खडाड्‌खड्‌ गोटे ओतले जायचे, आणि पलीकडे मावशी हात आवरून लव खाली बसायची वाट बघायची. तिने तक्रार केली नाही. "आवाज आला की कळतं, ठीक आहेत," एवढंच म्हणायची.

काका गेले ते त्यांच्या रीतीने, सकाळी चहा पिताना, कुणाला हालचाल करायला वेळ न देता. मावशी पुढे दोन वर्षं कामावर गेली आणि मग निवृत्त झाली. मालकांनी निरोपाला तिला गोट्यांची दुलई दिली. तिने घरी आल्यावर शिवण उसवली, गोटे काढून कुंड्यांत टाकले आणि दुलई माझ्या मुलीला दिली.

निवृत्तीनंतरच्या एका रविवारी मी तिला विचारलं, कुठे जायचंय का? दोन दिवसांनी फोन आला, "मला बदक बघायचंय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकतीस वर्षं बदकांच्या पोटाची लव हाताळलेल्या या बाईने जिवंत बदक जवळून पाहिलंच नव्हतं. लव पोत्यांतून यायची. मी तिला शहराबाहेरच्या बागेतल्या तळ्यावर घेऊन गेले. आम्ही काठावर बसलो. तिची कल्पना होती की बदक हे फार शांत, अदबशीर जनावर असणार. तेवढ्यात एक पांढरं बदक पाण्यातून बाहेर आलं, अंग झटकलं, तिच्या चपलेवर पाणी उडवलं आणि तिच्या तोंडावर ओरडायला लागलं.

"अगं बाई," मावशी म्हणाली, "केवढं बोलतं हे!"

ते बोलत असतानाच तिने हात पुढे केला. इतका सावकाश, की बदकाला तो आपल्याकडे येतोय हे कळलंच नसावं. बोटं त्याच्या पोटाखाली, वरच्या पिसांच्या आत शिरली आणि तिथे थांबली. मावशीचा चेहरा बदलला.

"गरम आहे गं," ती म्हणाली. "आतून गरम आहे. आमच्याकडे तर नेहमी गार असायची."

बदकाने मान वाकवून खाली पाहिलं, तिच्या मनगटाला कडकडून चावलं आणि पाण्यात निघून गेलं.

मी रुमाल काढला. मावशी मनगट बघत होती. "बरोबरच आहे त्याचं," ती म्हणाली, आणि हे मात्र लगेच म्हणाली.

आठ दिवस मनगटावर दोन लाल रेघा होत्या. घरी जो येईल त्याला ती त्या दाखवायची.